वाघ्याचे कागद

इंग्लंडहून युरोपात जायचं म्हटलं की आमच्या घरात सगळ्यात कमी चौकशी वाघ्याची होते. वाघ्या म्हणजे आमचा डॅशहंड. नाव वाघ्या, वजन साडेपाच किलो, आणि शेजारची मांजर कुंपणावर दिसली की हा जिन्याखाली. पण कागदपत्रांच्या बाबतीत त्याचा रुबाब असा, की नवरा आणि मी त्याच्यासमोर आश्रितासारखे वावरतो.

आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवाले. ताई राहते ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टलव्हेनला. तिथे वाणसामानाच्या दुकानात पुढच्या बाईला मराठीत "जरा सरका हो" म्हटलं तर ती सरकते तरी किंवा "तुम्ही कुठल्या?" म्हणून मागे वळते तरी. तर तिच्याकडे दिवाळीला जायचं ठरलं, की आम्हाला शेंगेनचा व्हिसा लागतो. बँकेचे हिशेब, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं पत्र, ताईचं निमंत्रण, ३०,००० युरोंचा प्रवास विमा आणि माणशी ९० युरो फी. एवढं सगळं मागून त्यांना खरं विचारायचं असतं ते एकच: परत जाल ना?

वाघ्याला हे कुणी विचारत नाही. त्याच्या मानेच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे, चिपमध्ये १५ आकडी नंबर आहे आणि रेबीजची लस टोचून २१ दिवस उलटले आहेत. बस्स. त्याचा पगार किती, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

अर्थात फुकट काही नाही. ब्रेक्झिटच्या आधी इथल्या कुत्र्यांना युरोपीय पासपोर्ट मिळायचा. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनमध्ये काढलेला तो पासपोर्ट तिकडे चालेनासा झाला आणि दर खेपेला नवं ॲनिमल हेल्थ सर्टिफिकेट आलं. ते प्रवासाच्या आधीच्या दहा दिवसांतच काढायचं, आणि तेही सरकारने अधिकार दिलेल्या व्हेटकडून. आमची व्हेटबाई इंग्रजी आणि डच अशा दोन्ही भाषांत छापलेली पानं पुढ्यात घेऊन बसली. सही, शिक्का, खाडाखोड, पुन्हा सही. वाघ्या टेबलावर बसून प्रत्येक शिक्क्याला दचकत होता. बिल दीडशे पौंडांच्या वर गेलं, म्हणजे माझ्या व्हिसापेक्षा जास्त.

शेवटच्या पानांवर मालकाला लिहून द्यावं लागतं, की हा प्राणी विकण्यासाठी नेत नाही. मी सही केली. नवऱ्याबद्दल असं काही लिहून घेतलं नाही. तशी सोय असती तर विचार करता आला असता.

पण खरी गंमत मुदतीत आहे. आम्हाला युरोपात १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. वाघ्याचं सर्टिफिकेट तिकडे फिरायला त्याहून जास्त दिवस चालतं. हे मी सांगलीला फोनवर आईला सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग तो तुमच्याबरोबर जातोय, की तुम्ही त्याच्याबरोबर?"

पूर्वी मात्र इंग्लंडात कुत्रा आणणं हे महाकर्मकठीण होतं. रेबीजच्या धास्तीने बाहेरून आलेल्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये डांबत. १९६८मध्ये एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन लंडनला आले, तेव्हा त्यांनी कुत्र्यांसाठी यॉट भाड्याने घेऊन ती टेम्स नदीतच नांगरून ठेवली. कुत्री बोटीत, म्हणजे कायद्याने अजून इंग्लंडात पोचलीच नाहीत. हा युक्तिवाद कुठल्याही सदाशिव पेठी वकिलाला आवडला असता. ही सहा महिन्यांची सक्ती युरोपातून येणाऱ्यांपुरती उठली ती २०००मध्ये.

आम्ही यॉटवाले नव्हे. आम्ही हार्विचहून हुक ऑफ हॉलंडला जाणारी रात्रीची फेरी धरतो. गाडी बोटीच्या पोटात घालायची, हँडब्रेक ओढायचा आणि वाघ्याला काखेत मारून लोखंडी जिने चढायचे. डॅशहंडच्या पायांची लांबी लक्षात घेऊन ते जिने बांधलेले नाहीत. वर कुत्रेवाल्यांच्या वेगळ्या केबिन असतात. तिथे गालिच्याऐवजी पुसता येईल अशी फरशी असते. कंपनीला कुत्र्यांचा अनुभव आहे, हे त्या फरशीवरून कळतं.

अनुभव वाघ्याला नव्हता. डेकवर कुत्र्यांसाठी एक कुंपणाचा कोपरा होता, त्यात नकली हिरवळ अंथरलेली. रात्रीचे साडेअकरा. नॉर्थ सी खवळलेला नव्हता, पण वारा असा की वाघ्याचे कान उलटे होऊन डोक्यावर बसले होते. आमच्याआधी तिथे एक लॅब्रेडॉर, एक पूडल आणि त्यांचे मालक उभे होते. सगळे कुत्रे तटस्थ. हिरवळीला वासच नाही, तर करायचं कुणाच्या नावाने? पूडलची इंग्रज मालकीण हलक्या आवाजात "गो ऑन, डार्लिंग" म्हणत होती. लॅब्रेडॉरचा डच मालक घशातून काहीतरी हुकूम सोडत होता. आणि माझा नवरा, जो ऑफिसात चाळीस माणसांना कामाला लावतो, तो उकिडवा बसून कळवळून म्हणत होता, "शू कर ना रे राजा. कर शू. शहाणा ना तू?" वाघ्याला मराठीच कळतं. त्याने नवऱ्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि खाली बसला. शेवटी लॅब्रेडॉरवाला डचमन आमच्याकडे वळून खांदे उडवत हसला. एकमेकांची नावं न विचारता आमची तिन्ही कुटुंबं तिथे एवढी जवळ आली, की अजून अर्धा तास गेला असता तर सोयरीकच जमायची.

वाघ्याने रात्रभर कळ काढली. सकाळी हुक ऑफ हॉलंडला गाडी बाहेर पडली, उजव्या बाजूने चालवायचं हे नवऱ्याला तीनदा सांगून झालं, आणि पहिल्या संधीला दार उघडलं. हॉलंडच्या भूमीवर वाघ्या जो उभा राहिला तो तीन पायांवर. बराच वेळ.

ताईकडे त्याचे लाड झाले. पण परतताना ब्रिटनची एक अट असते. ब्रिटनमध्ये एक विशिष्ट फीतकृमी नाही आणि तो त्यांना यायला नको आहे. म्हणून परत पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांच्या दरम्यान व्हेटकडून जंताचं औषध द्यायचं आणि तारीख-वेळ सर्टिफिकेटवर चढवून घ्यायची. ताईकडच्या उंच्यापुऱ्या डॉक्टरांनी गोळी गौडा चीजमध्ये लपवून दिली. वाघ्याने चीज खाल्लं आणि गोळी अदबीने डॉक्टरांच्या बुटावर ठेवली. दुसऱ्यांदा त्यांनी चीज दिलं नाही. जबडा उघडला, गोळी घशात सोडली आणि मगच घड्याळाकडे पाहिलं.

चीजवरून आठवलं. ताईने दिलेला गौडाचा गोळा आम्ही बंदरावरच्या रांगेत बसून संपवला, कारण २०२५च्या एप्रिलपासून ब्रिटनने युरोपातून चीज आणायला बंदी घातली. वाघ्यालाही वाटा मिळाला. सीमेपलीकडे जेवढा गौडा गेला तो पोटातून गेला.

रांग सरकली. खिडकीतल्या माणसाने चिप वाचायचा स्कॅनर आमच्याच हातात दिला. "तुम्हीच वाचा." नवऱ्याने वाघ्याच्या मानेवरून फिरवला, आवाज नाही. खांद्यावरून फिरवला, नाही. वाघ्याला वाटलं खाजवताहेत, तो पाठीवर उलटा झाला आणि चारी पाय वर. मागे गाड्यांची रांग. नवऱ्याच्या कपाळावर घाम, कारण नंबर सापडला नाही तर हा कुत्रा कुणाचा? मग डाव्या खांद्याच्या बऱ्याच खाली कुठेतरी पीं झालं. १५ आकडे उजळले, कागदाशी जुळले, माणसाने जांभई दिली. झालं वाघ्याचं इमिग्रेशन. पुढच्या खिडकीत आमचे पासपोर्ट गेले आणि तिथे एकेक पान सावकाश उलटलं जाऊ लागलं. वाघ्या मागच्या सीटवर घोरत होता.

२०२५च्या मे महिन्यात ब्रिटन आणि युरोपीय संघात जो समझोता झाला, त्यात पाळीव प्राण्यांना पुन्हा पासपोर्ट देण्याचीही बोलणी आहेत. म्हणजे त्याचे दर खेपेचे दीडशे पौंडही वाचतील. आमच्याबद्दल त्यात काही नाही.

तेव्हा कुत्रा इंग्रज आणि पासपोर्ट भारतीय अशी ज्यांच्या घरची स्थिती असेल, त्यांनी व्हिसाचा अर्ज आधी करावा. तो सहा महिने अगोदरपासून करता येतो. कुत्र्याचं शेवटच्या दहा दिवसांत होऊन जातं.