सुरक्षित फोन आणि उघडी दिंडी

सरकारी व लष्करी अधिकाऱ्यांसाठी निवडावयाचा सुरक्षित फोन म्हणजे ज्यातील मजकूर वाटेत हाती लागला तरी वाचता येत नाही, ज्यावर मनाला येईल ते ॲप चढवता येत नाही आणि जो हरवल्यास कचेरीत बसून पुसून कोरा करता येतो, अशी व्याख्या केली जाते. तथापि अनुभवाने तिला आणखी एक लक्षण जोडावे लागते, ते असे की हा फोन साहेबांच्या टेबलावर असतो आणि साहेब दुसऱ्या फोनवर असतात.

भारतीय लष्कराने २०२० मध्ये फेसबुकसह ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला आणि पुढे ‘संभव’ हे स्वतःचे फोन अधिकाऱ्यांना वाटले. महासत्तेला असला काटेकोरपणा परवडत नसावा. मार्च २०२५ मध्ये येमेनमधील हूती बंडखोरांवरील हल्ल्याच्या चर्चेसाठी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार माइक वॉल्ट्झ यांनी ‘सिग्नल’ या संदेश ॲपवर ग्रुप काढला आणि त्यात ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग यांनाही पंगतीला बसवले, संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी विमाने उडण्याच्या वेळा तेथेच कळवल्या, शिवाय गोपनीयता शाबूत असल्याचा निर्वाळाही दिला. सिग्नलचे कूटलेखन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही मजकूर उलगडू न देणारी व्यवस्था, यात तसूभरही ढळले नाही, हे तंत्रज्ञांच्या बाजूने नमूद करणे न्यायाचे ठरेल: गुपित वाटेत कोणाच्याही दृष्टीस न पडता संपादकांच्या हाती सुखरूप पोहोचले. गडाच्या महादरवाजाला अणकुचीदार खिळे ठोकावेत आणि त्यातलीच दिंडी, म्हणजे वाकून जाण्यापुरते धाकटे दार, येण्याजाण्याच्या सोयीसाठी उघडी ठेवावी, त्यातलाच हा प्रकार.

एवढ्या शोभेनंतर तरी ॲप बदलले असेल, असे समजणाऱ्यांची निराशा होणार नाही, कारण ते खरोखरच बदलले होते असे दिसते. ३० एप्रिल रोजी मंत्रिमंडळाच्या बैठकीत वॉल्ट्झ टेबलाखाली फोन न्याहाळत असताना रॉयटर्सच्या छायाचित्रकाराने टिपलेल्या चित्रात ‘टेलिमेसेज’ कंपनीने फेरफार केलेले सिग्नल स्पष्ट दिसले. दफ्तरी नोंद राहावी म्हणून हे ॲप संदेशांची प्रत निराळी साठवून ठेवत असे, आणि काही दिवसांतच एका हॅकरने त्या साठ्यात हात घातला. दरम्यान १ मे रोजी वॉल्ट्झ यांना सल्लागारपदावरून हलवून संयुक्त राष्ट्रांतील राजदूतपदासाठी त्यांचे नाव पुढे करण्यात आले. शिक्षा म्हणावी अशी ती ॲपलाच झाली; कंपनीने त्याची सेवा थांबवली.