मावशीला स्पॅनिशमधून 'नको'

'बाबा, जेवणाचं स्पॅनिश तेवढं शिकून या, बाकी मी बघते,' असं लेकीने माद्रिदहून बजावलं. म्हणून चिखली-अमडापूर एस.टी.त मी वही उघडून पुटपुटत होतो, 'सोय बेहेतारियानो.' म्हणजे मी शाकाहारी आहे. शेजारचे गृहस्थ कळवळून म्हणाले, 'सोयाबीनचं नावच काढू नका. भाव कुठं हाय?'

स्पॅनिशात 'आहे' दोन. स्वभावाला 'सोय', तात्पुरत्या अवस्थेला 'एस्तोय'. मी शाकाहारी 'सोय', डाएटवर 'एस्तोय'. माझी डाएटं या व्याकरणाच्या बाहेर कधी गेली नाहीत. 'आवडणं' मात्र थेट आपलं : एक वांगं 'मे गुस्ता', अनेक वांगी 'मे गुस्तान'. क्रियापद वांग्याच्याच तालावर नाचतं. इंग्रजीवाले इथे अडखळतात. आयुष्यात प्रथमच मी वर्गाच्या पुढे होतो.

टेकडीवरच्या बल्लाळदेवीला हात जोडले आणि मावशीचा उंबरा ओलांडला. घात तिथेच झाला.

डॉक्टरांनी गोड बंद केलेलं. ताटात पुरणपोळी. 'नको' म्हणालो, तुपाची धार आली. 'अर्धी' म्हणालो, अख्खी आली. शेवटी ताटावर आडवा झोपून ओरडलो, 'नो कोमो नुंका दुल्से!' गोड कधीच खात नाही. आपल्या 'कधीच नाही'त नकार एकच, इथे मात्र दुहेरी. एवढ्याने बैलसुद्धा थांबला असता.

मावशीचा हात थबकला. 'नुंका? मले 'नका' म्हनून राह्यला? अहो-जाहो? एवढी परकी झाली का रे मी बापू?'

डोळ्यांत पाणी. तिसरी पोळी मी मागून घेतली.

'तू बस ना,' म्हणालो. 'मले मंगळवार हाय. मी काहीच खात नाई.' थोड्या वेळाने तिच्या ताटलीत साबुदाण्याची उसळ. त्यात शेंगदाणे, बटाटा, मिरची. साबुदाण्याच्या कंदासकट चौघांचंही माहेर अमेरिका खंड, तरी आमच्या उपासाला चालतात. वहीत ताकीद होतीच : स्पेनमध्ये 'सिन कार्ने', मांसाशिवाय, असं सांगूनही ताटात हॅम किंवा टूना येऊ शकतो, बोलण्यात पुष्कळजण ते 'कार्ने'त धरत नाहीत. मावशीच्या 'काहीच'मध्ये उसळ धरत नाहीत, तसंच.

चुलीपाशी ती एकटीच बसली होती. काका गेल्यापासून ती अशीच जेवते, भिंतीकडे तोंड करून. मी शेजारी जाऊन टेकलो. 'बुएन प्रोवेचो, मावशी.'

'आता हे काय?'

'सावकाश होऊ दे.'

'मंग असं म्हन ना,' ती हसली आणि तिच्यातली अर्धी उसळ माझ्यापुढे सरकवली.