फ्रिजला तारे आहेत, घराला का नाहीत?

मे महिन्यात अकोल्याला मावशीकडे गेलो होतो. चौथा मजला, वर थेट गच्ची. रात्रीचे अकरा वाजले होते. मी भिंतीला टेकायला गेलो, तशी मावशी म्हणाली, "टेकू नकोस रे, चटका बसेल." हात लावून पाहिला. नुकत्याच उतरवलेल्या तव्याला लावावा तसा लगेच मागे घेतला. पश्चिमेची भिंत. सूर्य मावळून चार तास झाले होते.

मावशीने पलंग त्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलाय. रोज संध्याकाळी ती गुडघे धरत जिना चढते आणि गच्चीवर बादल्या ओतते. पाणी पडलं की फरशी चुर्र करते. दहा मिनिटांत सगळं कोरडं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो आणि कुलर त्याच तापल्या खोलीत गरगरतो.

तिच्या स्वयंपाकघरात फ्रिज आहे. त्याच्या दारावर तारे छापलेत, वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा छापलाय. फ्रिज घेताना तिने तो वाचला, दुकानदाराला दोन प्रश्न विचारले, शेजारच्याशी तुलना केली. ज्या घराचे हप्ते तिने वीस वर्षं भरले, त्या घराबद्दल अशी एक ओळही कुणी लिहून दिली नाही. यातच सगळा अन्याय आला.

एसीच्या ताऱ्यांचं बघा. 2010 पासून ते सक्तीचे आहेत. जुलै 2022 मध्ये कसोटी कडक झाली आणि कालचा पाच तारेवाला एसी रातोरात चार ताऱ्यांवर आला. कंपन्यांनी कुरकुर केली असेल, पण यंत्रं सुधारली. मोजपट्टी वर सरकली की माल सुधारतो, हे या देशात सिद्ध झालंय. मग ज्या भिंतींमुळे एसी घ्यावा लागतो, त्या भिंतींना मोजपट्टी नको?

मोजपट्टी आहे. तीही आपल्याच सरकारची. बीईई, म्हणजे ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर 2018 मध्ये 'इको निवास संहिता' काढली. किमान 500 चौरस मीटर भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी. भिंती आणि खिडक्यांमधून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटच्या वर जाता कामा नये, असा त्यात दंडक आहे. तो पुढे 12 वर आणायचा इरादाही तिथेच लिहून ठेवलाय. छतासाठी वेगळी मर्यादा आहे: आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल तर चौरस मीटरमागे 1.2 वॅट. सहा इंची उघड्या स्लॅबमधून याच्या अडीच-तीन पट उष्णता येते. मावशीच्या डोक्यावर नेमकं तेच आहे.

खिडक्यांचं कलम तर प्रत्येकाने वाचावं असं. मुंबईसारख्या दमट हवेत चटईक्षेत्राच्या साधारण एक षष्ठांश इतकी उघडणारी जागा हवी, बाल्कनीचं दार धरून. नागपूरसारख्या हवेत एक अष्टमांश. शब्द नीट पाहा: 'उघडणारी'. दोन काचांची सरकती खिडकी कितीही ऐसपैस दिसली तरी एका वेळी अर्धीच उघडते, म्हणून संहिता ती अर्धीच मोजते. पूर्वीची कब्जांवर उघडणारी झडपेची खिडकी नव्वद टक्के धरली जाते. ही गोष्ट आमच्या आजीला कुणी शिकवली नव्हती, पण ती दुपारी झडपा लावायची आणि संध्याकाळी सताड उघडायची.

आणखी एक. 2019 पासून घरांनाही एक ते पाच तारे द्यायची योजना बीईईने आणली. पण ती ऐच्छिक. ज्याचं घर चांगलं तो तारा मागेल, ज्याचं घर भट्टी तो कशाला मागेल? 2022 मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि मोठ्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणता येतील अशी सोय झाली. सोय दिल्लीत झाली. नकाशा मंजूर होतो महापालिकेत. या दोन टेबलांच्या मधे मावशीची भिंत तापते आहे.

गेल्या महिन्यात पुण्याच्या कडेला एक सॅम्पल फ्लॅट पाहिला. नाव लिहीत नाही, कारण सगळीकडे हेच ऐकू येतं. विचारलं, पश्चिमेची भिंत कशाची? उत्तर आलं, "सर, मिवान आहे, एकदम मजबूत." मजबूत असेलच. मिवान म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात स्लॅबबरोबर भिंतीही काँक्रीटच्याच ओतायच्या. काम झपाट्याने होतं, प्लॅस्टर वाचतं. पण काँक्रीट उष्णता सरळ आत आणतं. एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकमधून ती त्याहून कितीतरी कमी येते. मिवान नको असं मी म्हणत नाही. मग बाहेरून उष्णतारोधक थर द्या, खिडकीवर पुरता छज्जा द्या, पश्चिमेची काच कमी करा. छज्जा कुठे गेला, हा प्रश्न मी फ्लॅट दाखवणाऱ्या मुलाला विचारला. तो म्हणाला, "एलिव्हेशन क्लीन दिसतं सर." संहिता मात्र छज्जा रीतसर हिशेबात धरते, उन्हाचा वाटा त्याने घटतो म्हणून.

खर्च वाढेल, हे ठरलेलं उत्तर. कशाचा वाढेल? गच्चीवर पांढऱ्या चायना मोझॅकचा? फिक्या रंगाचा? इमारतीच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला ठेवायला तर पैसेच लागत नाहीत, नकाशा काढताना डोकं लागतं. आणि हा खर्च टाळला तर तो जातो कुठे? एसीच्या किमतीत आणि महिन्याच्या वीजबिलात. बिल्डर एकदा वाचवतो, राहणारा तीस वर्षं भरतो. ज्याला एसी परवडत नाही तो अंगावर काढतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतींत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसांना हे सांगावं लागत नाही.

सोलापूरकडे माळवदाची घरं ज्यांनी पाहिलीत त्यांना ठाऊक आहे. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती, वर मातीचा थर, लहान झरोके. ऐन दुपारी आत शिरलं की अंग निवतं. ती घरं परत बांधा असं कुणी म्हणणार नाही. पण भिंतीने ऊन अडवायचं असतं ही अक्कल होती आणि ती आपण चाळीस-पन्नास वर्षांत विकून टाकली.

सक्ती चालत नाही म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी आठवाव्यात. एक, पर्जन्यजल संकलन आणि सौर पाणीतापक. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत त्यांची सक्ती आली आणि नकाशात ते दिसू लागले. दुसरी, कार्पेट एरिया. 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिन्याची, लिफ्टची जागा आपल्याला विकली जायची. 2017 मध्ये रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायदा, लागू झाला आणि कार्पेट एरिया लिहून द्यावाच लागला. ऑगस्ट 2023 पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला. त्याच कोडमागे आणखी दोन आकडे घाला: भिंतीतून येणारी उष्णता आणि छतातून येणारी. आकडा संहितेच्या मर्यादेबाहेर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र अडवा. तपासणारे अभियंते नसतील तर नेमा.

राज्य सरकारने हे याच वर्षी करायला हवं. रोज नव्या इमारतींचे स्लॅब पडताहेत आणि एकदा पडलेला स्लॅब पुढची पन्नास वर्षं तसाच तापणार आहे.

तोवर आपण एवढं करू या. या आठवड्यात कुठे बुकिंगला जाणार असाल, तर मॉड्युलर किचन नंतर बघा. आधी दुपारी चार वाजता जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. ती कशाची आहे, गच्चीवर कोणता थर आहे, खिडकी किती उघडते, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका. करारनाम्यात लिहून मागा.