तीर्थरूपांस, लिपीवार फॉन्टांबाबत

निशी-कासाई, तोक्यो

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, क्रमांक ठाऊक असतो. युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरीच्या मुख्य विभागासाठी १२८ घरे राखलेली आहेत, आणि ‘क’ म्हणजे त्यातले एक घर. त्या क्रमांकाचे चित्र काढण्याचे काम फॉन्टचे. क्रमांक शाबूत असला की त्या लिपीचा फॉन्ट कोणताही चालतो. क्रमांकच परका असला तर मूळ फॉन्टवाचून दुसरा कोणताही चालत नाही. साताऱ्याहून आलेले गणपतीचे निमंत्रण दुसऱ्या प्रकारात मोडते. युनिकोडपूर्व मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी चित्रे बसवत. तोक्योतल्या संगणकावर तो फॉन्ट नसल्याने मूळ क्रमांक उघडे पडले आणि पानभर डॉलर, टक्के व उद्गारचिन्हे उमटली. बाबा कशावरून तरी फार रागावले आहेत, असा समज होऊन घरात दोन दिवस शांतता होती. अशा मजकुराला सेटिंग बदलून उपयोग नसतो. तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो, किंवा मुळात युनिकोडमध्ये टंकावा लागतो.

युनिकोड मजकुरातही एकच फॉन्ट सगळ्या लिप्यांना पुरत नाही. या घरातल्या साध्या यादीतही रोमन, देवनागरी आणि जपानी अशी तीन कुळे एका ओळीत येतात, आणि जपानी कुळात कांजी, हिरागाना, काताकाना असे पोटभाग आहेत. निवडलेल्या फॉन्टमध्ये एखादे अक्षर नसले, तर संगणक शेजारणीकडून साखर आणावी तसे ते दुसऱ्या फॉन्टमधून उसने आणतो, आणि कोणत्या ते सांगत नाही. म्हणून मथळा ठसठशीत आणि त्यातले ‘पुरणपोळी’ मात्र किरटे, असे होते. विंडोजमध्ये ही उसनवारी बहुधा निर्मला यूआय या फॉन्टवर येते. प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला मंगल हा विंडोजचा जुना देवनागरी फॉन्ट. विंडोज १० पासून तो ऐच्छिक संचात गेला असल्याने परदेशातल्या संगणकावर तो असेलच असे नाही. सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की तो संचही उतरवून घेता येतो.

फॉन्ट ठरवण्याची मुख्य जागा म्हणजे लेखनाचा प्रोग्राम. वर्डच्या फॉन्ट-चौकटीत रोमन, पूर्व आशियाई आणि ‘जटिल लिपी’ असे वेगवेगळे रकाने असू शकतात. देवनागरीची गणना जटिलांत होते (‘र्त्स्न्य’ लिहू शकणाऱ्या लिपीने याचा राग मानू नये). लिब्रेऑफिसमध्ये हा रकाना दिसत नसेल, तर पर्यायांतल्या भाषा-विभागात जटिल लिपीच्या मांडणीपुढे खूण करावी. नवशिका पहिल्या रकान्यात फॉन्ट बदलतो, मराठी ढिम्म हलत नाही, आणि मग संगणकाला बोल लावला जातो. या घरात हे काम चिरंजीव नेमाने करतात. रकाना सूनबाई बदलतात. जटिल लिपीच्या रकान्याला स्वतःचे आकारमानही असते. वर मात्रा, खाली उकार यांना जागा सोडावी लागत असल्याने त्याच आकारमानात देवनागरी रोमनपेक्षा लहान दिसते. रोमन ११ ठेवली तर देवनागरी १३ किंवा १४ ठेवावी. आईंच्या चष्म्यासाठी १८.

खरा घोटाळा याच्या पुढचा आहे. फॉन्ट लिपीप्रमाणे निवडला जातो, पण अक्षराचे वळण भाषेप्रमाणे बदलते. हिंदी आणि मराठी यांचे क्रमांक एकच. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले, तरी फॉन्टचे मूळ वळण पुष्कळदा हिंदीचे असते. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात; नोटो सॅन्स देवनागरी त्यांपैकी एक. मात्र मजकुराची भाषा मराठी आहे असे प्रोग्रामला सांगितल्यावाचून आणि प्रोग्रामने ती खूण मानल्यावाचून मराठी रूप पुढे येत नाही. म्हणून रकान्यात फॉन्टशेजारी असलेली भाषाही बदलावी. ती हिंदी राहिली, तर मजकूर शुद्ध मराठी आणि ल-श पाहुणे, अशी स्थिती होते.

जपानीचे दुखणे हेच, फक्त मोठे. चिनी आणि जपानी चित्राक्षरांना युनिकोडने बहुतांशी सामाईक क्रमांक दिले. ‘हाड’ या अर्थाच्या अक्षरातला आतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे असतो, जपानमध्ये उजवीकडे. भाषेची खूण नसली तर चिनी फॉन्ट पुढे सरसावू शकतो, आणि नातवाच्या गृहपाठात कोपरा भलतीकडे जातो. शिक्षिका तो लाल शाईने परत आणतात. उपाय असा की भाषांच्या यादीत जपानी ही चिनीच्या वर ठेवावी आणि पूर्व आशियाई रकान्यात मेइर्यो किंवा यू गोथिकसारखा जपानी फॉन्ट नेमावा. अशा कित्येक जपानी फॉन्टांमध्ये फाइलच्या पत्त्यातली उलटी तिरपी रेष येनच्या चिन्हासारखी दिसते. त्याने पैसे कापले जात नाहीत.

देवनागरीची खास परीक्षा ‘ऱ्या’ने होते. हा अर्धा र साधण्यासाठी कित्येकदा र आणि हलन्ताच्या पुढे एक अदृश्य सांधा टंकलेला असतो. एखाद्या प्रोग्रामने तो गिळला, तर आचाऱ्यांना द्यायची सुपारी आचार्यांना जाते. ‘ॲ’ची गोष्ट सोपी: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, म्हणून त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो. फॉन्ट बदलावा.

ब्राउझरांपैकी फायरफॉक्समध्ये फॉन्टच्या प्रगत पर्यायांत लिपी निवडता येते. तेथे देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि किमान आकारमान ठरवावे. क्रोमच्या सेटिंगमध्ये अशी लिपीवार निवड नाही.

एवढे करूनही ही मांडणी त्या एका संगणकापुरतीच राहते. मजकूर साताऱ्यात तसाच दिसावा, यासाठी पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्येच समाविष्ट करावा. काही फॉन्टांचा परवाना याला मनाई करतो; अशा वेळी दुसरा फॉन्ट घ्यावा किंवा पान छापून टपालाने पाठवावे. सोबतच्या पीडीएफमध्ये फॉन्ट आहे. फराळाची यादी तिसऱ्या पानावर.

कळावे, लोभ असावा.

आपली आज्ञाधारक,
निशी-कासाईची मंडळी