चाकरमान्याचा मे महिना

चाकरमानी म्हणजे मुंबईत नोकरी करणारा आणि मे महिन्यात व गणपतीत गावी जाणारा कोकणी माणूस. गणपतीचे दिवस आरत्या, भजनं आणि उसळींत निघून जातात, त्यामुळे तेव्हा घराकडे बघायला त्याला सवड नसते. मे महिन्यात मात्र तो बायकामुलांसह निदान दोन आठवड्यांसाठी उतरतो आणि घराशी त्याची खरी गाठ पडते. कुडाळ-कणकवलीकडच्या वाड्यांत ही गाठ दरवर्षी साधारण एकाच क्रमाने पडते.

सुरुवात मार्चमध्ये होते. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्यामुळे पूर्वी जानेवारीत होणारा मनस्ताप आता मार्चमध्ये होतो, एवढाच फरक पडला. सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि चाकरमान्याने पासवर्ड दुसऱ्यांदा चुकवेपर्यंत प्रतीक्षायादी लागलेली असते. दिवसा जाणारी मांडवी एक्सप्रेस मिळाली तर ते कुटुंब भाग्यवान समजावं. या गाडीतलं खाणं चांगलं, असा तिचा लौकिक आहे आणि पुढच्या घोटाळ्यात त्याचा हात असतो.

कोकण रेल्वेचा सगळा मार्ग १९९८ च्या जानेवारीत खुला झाला. मार्ग बराचसा एकेरी आहे. म्हणून समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला गाडी मधल्याच एखाद्या स्टेशनात थांबते. त्याला प्रवासी 'क्रॉसिंग' म्हणतात आणि ते किती वेळ चालेल याविषयी डब्यातला प्रत्येक पुरुष अधिकारवाणीने बोलतो. सगळ्या मार्गावर मिळून नव्वदहून अधिक बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. बोगद्यात मोबाइल चालत नाही, ही गोष्ट प्रवासी दर बोगद्यात नव्याने शिकतो. चाकरमान्याची बायको त्याच्या अलीकडचं उक्षी स्टेशन गेल्यावर घरी फोन लावते, "आम्ही गाडीतच खाल्लंय, जेवण ठेवू नका" असं सांगते, आणि त्यातला 'नका' करबुड्यात राहतो. घरी ऐकू गेलेलं असतं 'जेवण ठेवू'. संध्याकाळी पोचल्यावर वडे, कोंबडी आणि सोलकढी वाट बघत असतात. ते न जेवण्याची सोय कोकणात कुठेच नाही.

घराच्या वाटेवर प्रथम बेडं लागतं. गडग्यामध्ये दोन खांब, त्यांना भोकं आणि भोकांतून आडव्या सरकवलेल्या बांबूच्या काठ्या, एवढाच हा दरवाजा. तो फक्त गुरांसाठी असतो; माणसाने काठ्या सरकवायच्या, आत यायचं आणि परत लावायच्या. मुंबईत दार आपोआप बंद होण्याची सवय झालेली मुलं तिसरी पायरी विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातला माठ, भेंडी आणि मिरचीची रोपं शेजारच्या गायीने नीट खुडलेली आढळतात. शेजारी स्वतः येऊन हळहळतो आणि मग नेहमीचे दोन प्रश्न विचारतो. पहिला, "कदी इलास?" आणि लगेच दुसरा, "कदी जातलास?" त्यात काही खोच नसते, परतीच्या गाडीने त्याला मुंबईतल्या मुलाकडे पोतं पाठवायचं असतं.

आता पाणी. बहुतेक विहिरींवर पंप बसले आहेत. पण मे महिन्यात सगळ्या वाड्यांतले चाकरमानी एकाच वेळी पंप लावतात, विजेचा दाब उतरतो आणि पंप नुसता घुमतो. मग रहाट. रहाटावर पाणी काढताना दोर सैल सोडायचा नसतो आणि कळशीच्या गळ्याला गाठ मारताना गप्पा मारायच्या नसतात. चाकरमानी दोन्ही करतो. कळशी तळाला गेल्याचा आवाज सगळ्या वाडीला ओळखू येतो, आणि आजी भाजी चिरता चिरताच म्हणते, "गळ मागल्या दारार टांगलेलो आसा." गळ म्हणजे दोराला बांधलेला चार-पाच आकड्यांचा लोखंडी झुबका. तो कायम त्याच खिळ्याला असतो. कळशी कधीतरी पडणारच, हे घराने आधीपासून धरूनच ठेवलेलं आहे. गळ टाकून कळशी शोधण्याच्या कामाला किमान अर्धा तास आणि पाच सल्लागार लागतात. त्यात हमखास गेल्या वर्षी पडलेलं तांब्याचं भांडं वर येतं. आजची कळशी नंतर.

घराची ही तयारी हळूहळू ध्यानात येत जाते. कुठली वस्तू कुठे अडकवली आहे यावरून त्या घरात काय काय होऊन गेलंय ते वाचता येतं. दारामागची बॅटरी फुरशासाठी असते. जांभ्याच्या मुलखातला हा लहानसा साप विषारी, त्यामुळे रात्री न्हाणीकडे बॅटरीशिवाय जायचं नाही, हा नियम विनोदाच्या बाहेरचा आहे. माळ्यावरची धामण ही वेगळी बाब. ती बिनविषारी असते, उंदीर खाते आणि घरच्यांच्या लेखी कामाला असते. ती दिसल्यावर मुंबईची सून ओट्यावर चढते. सासूला काळजी ओट्यावरच्या दह्याची.

फळांचं प्रकरण मोठं आहे. फणसाचा चीक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फणस फोडायला बसताना आधी खाली केळीचं पान किंवा जुना पेपर, मग विळीला खोबरेल, मग हातांना कोपरापर्यंत खोबरेल, असा क्रम आहे. चाकरमान्याला हा क्रम ठाऊक असतो, पण तो शेवटून पाळतो. चीक लागल्यावर तो साबण घेतो, साबण हाताला चिकटतो, मग टॉवेल साबणाला चिकटतो. तेवढ्यात मुंबईहून फोन येतो आणि तो घेतला की पुढचे चार दिवस त्या मोबाइलवर नारळाची शेंडी चिकटून राहते. आजी फक्त विचारते, "तेल लावलंस काय हातांक?" तिला उत्तर नको असतं.

फणस कापा निघाला तर गरे खुसखुशीत असतात आणि सगळं विसरलं जातं. बरका निघाला तर गरा घशातून आपला आपणच उतरतो. काप्याचा कैवार घेणारे बरक्याला नाकं मुरडतात, पण सांदणं बरक्याचीच व्हायची. आठळ्या चुलीच्या निखाऱ्यात भाजून खायच्या असतात. त्यांतली एखादी फाटकन फुटून राख उडवते आणि शेजारी उकळणाऱ्या चहात पडते. चहा गाळून पितात.

रातांब्याचा उपद्रव रंगाचा. सालं वेगळी करून त्यांच्याच मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा बुडवून वाळवली की सोलं तयार होतात, ज्यांना वरघाटी लोक आमसुलं म्हणतात. या कामाला जुने कपडे घालून बसायचं असतं. पांढरा शर्ट घालून बसणारा माणूस गावात एकच असतो आणि तो कुठल्या गाडीने आला हे सर्वांना ठाऊक असतं. बियांपासून निघणारं भिरंडेल टाचांच्या भेगांना लावतात. अनवाणी हिंडून आठवड्याभरात भेगा पाडून घेतलेल्या मुंबईच्या टाचांची सोय अशी त्याच झाडात असते.

मेच्या अखेरीला खळ्यात वाळवणं पसरतात: सोलं, फणसाची आणि आंब्याची साठं, कुळीथ. राखणीला आजी काठी घेऊन बसते. कावळ्यांना ती हाकलते. नातवंडं साठाचे कोपरे तोडतात तेव्हा मात्र तिला नेमकी डुलकी लागते. ढग भरून आले की आजीला ते सगळ्यांत आधी कळतं, मोबाइलवरचं हवामान अजून सूर्य दाखवत असताना. ती एकच हाक मारते आणि घरातला प्रत्येक माणूस खळ्यात धावतो. या धावपळीत कुळथाचं सूप हमखास उलटं होतं. जावई माणूस साठाचं ताट तिरपं धरून पळतो आणि ओलं साठ त्याच्या छातीवर येतं. पाऊस पाचच मिनिटं पडतो. पण तांबड्या मातीला पहिल्या सरीचा वास सुटलेला असतो, सगळी माणसं एकत्र पडवीत उभी असतात, आणि कोणीतरी उलटलेल्या कुळथाचीच पिठी करायला घेतं. गरम भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. अशा जेवणाला कोणी बोलावलं होतं का, असं विचारायला कोणाला सुचत नाही.

त्या सरीबरोबर वीज जाते. वाऱ्याने फांदी तारेवर आलेली असते. अशा वेळी गावातला सर्वांत प्रतिष्ठित माणूस म्हणजे वायरमन. सरपंचाचा फोन नसला तरी चालतो, याचा लागतो. तो येईपर्यंत कंदील. घरात छपरातून पाणीही ठिबकू लागतं, कारण दुपारी वानरांनी कौलांवरून उड्या मारलेल्या असतात. मंगळुरात बाझल मिशनने १८६५ मध्ये काढलेल्या कारखान्यापासून पसरलेली ही मंगळुरी कौलं नळीच्या कौलांपेक्षा नेटकी खरी, पण वानराचा भार त्यांच्या हिशेबात नव्हता. मागल्या पडवीत जादा कौलांची चळत रचून ठेवलेलीच असते. चाकरमानी छपरावर चढतो, एक कौल बदलतो आणि उतरताना दोन फोडतो. चळत मोठी का असते, याचा उलगडा तेव्हा होतो.

परतीच्या सामानाला कुटुंबाचं मत विचारलं जात नाही. दोन फणस, नारळ, सोलं, कुळथाचं पीठ, शेजाऱ्याचं पोतं आणि आंब्याच्या पेट्या रिक्षात भरून जी जागा उरते तिच्यात माणसं बसतात. फणस सीटखाली पिकतो आणि खेड यायच्या आत डब्याला कळवतो. आंब्यांची कथा मुंबईत पुढे चालते. गावी पेंढ्यात आढी घालून कोणीतरी रोज फळ चाचपून बघत असतं. फ्लॅटमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सात चाचपायला कोणी नसतं. परिणामी पाचव्या दिवशी सगळी पेटी एकदम पिकते. मग सकाळी आमरस, डब्यात आमरस, रात्री आमरस, मजल्यामजल्यावर वाट्या, आणि तिसऱ्या दिवशी धाकटं पोर ताटाकडे बघून साधा वरणभात मागतं.