आजोबांचा बंगला मॉडर्न कसा करावा

पुण्यात प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता, एरंडवणे या भागांत आणि १९६१च्या पानशेतच्या पुरानंतर वसलेल्या वस्त्यांत आजोबांच्या काळातले काही बंगले अजून बिल्डरच्या हाती लागलेले नाहीत. सपाट गच्ची, जिन्याला काँक्रीटची जाळी, खिडक्यांवर पुढे आलेला रुंद छज्जा, खाली मोझॅकची फरशी. आचऱ्याचे वास्तुविशारद अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपिअसच्या हाताखाली शिकून १९४७मध्ये परतले, १९५१पासून ल कॉर्बुझिए चंडीगडच्या कामाला लागले, आणि तेच मॉडर्न वास्तुकलेचं वारं लागलेल्या इकडच्या एखाद्या ओव्हरसियरने आपल्या आजोबांच्या प्रॉव्हिडंट फंडातून हे घर उभं केलं. म्हणजे घर पहिल्यापासूनच मॉडर्न आहे. ही गोष्ट घरात कुणालाही कळू न देणं, हे नूतनीकरणातलं सर्वांत महत्त्वाचं काम.

सुरुवात जाळीपासून करावी. तिच्यात धूळ बसते हा आरोप खरा आहे आणि फाशीला तेवढा पुरतो. ती वारा आत घेते आणि पश्चिमेचं ऊन चाळून सोडते, हे बचावाचं म्हणणं ऐकून घेऊ नये. जाळी फोडून तिथे जमिनीपासून छतापर्यंत काच बसवावी. एप्रिलमध्ये जिन्यात पापड वाळतात, ही जादा सोय. मग दीड टनाचा एसी घ्यावा. काचेतून ऊन येतं म्हणून पडदे, पडद्यांनी अंधार होतो म्हणून दिवे, आणि दिवे लपवायला फॉल्स सीलिंग. साडेदहा फुटांचं छत त्यापायी नऊ फुटांवर येतं. पूर्वी गरम हवा वर जाऊन मुकाट राहायची, ती आता माणसांत येऊन बसते.

फरशीकडे जरा सावकाश वळावं, कारण इथे खर्चाला खरा वाव आहे. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिपा घालून ही फरशी केलेली असते. स्वयंपाकघराच्या दारापाशी, साठ वर्षं पावलं वळली तिथे, ती इतरांपेक्षा गुळगुळीत लागते. अनवाणी चालून बघा. चिपांचा थर चांगला जाड असल्यामुळे मशीन फिरवून पॉलिश केलं की ती पुन्हा नवी दिसते. म्हणून पॉलिशवाल्याला फाटकाच्या आत घेऊ नये. फरशी न काढता तिच्यावरच दोन बाय चारच्या व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवाव्यात. त्याने जमीन जवळजवळ इंचभर वर येते, मग सगळी दारं खालून तासावी लागतात. जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते आणि घरातलं प्रत्येक माणूस तिथे एकदा अडखळतं. टाइल्स निवडताना दुकानदार सर्वांत महागडा नमुना दाखवेल: मोझॅकचं चित्र छापलेली टाइल. तोच घ्यावा.

खिडक्या सागवानी, आडव्या गजांच्या, पितळी खिट्यांच्या असतात. पूर्ण उघडतात, हा त्यांचा दोष. त्याजागी सरकत्या खिडक्या आल्या की कितीही सरकवा, अर्धी उघडते आणि अर्धी बंदच राहते. जुना माल काँट्रॅक्टर ‘राडारोड्याबरोबर फुकट उचलून नेतो’ म्हणतो, त्याच्या या औदार्याबद्दल चहा पाजावा. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या अशाच भंगाराच्या भावात गेल्या आणि नंतर युरोपातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या. आपल्या खिडक्या तेवढ्या लांब जाणार नाहीत. मुळशीकडच्या एखाद्या फार्महाउसवर लागतील, आणि तिथल्या वास्तुशांतीला आपल्यालाही आमंत्रण येईल.

छज्ज्याखालचं प्लॅस्टर पडून गंजकी सळई दिसत असेल, तर पाणी कुठून मुरतं ते शोधणं, सैल काँक्रीट झाडणं, सळई घासून तिला गंजरोधक लावणं असा एक कंटाळवाणा मार्ग आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो, म्हणून जाणकार हा मार्ग सांगतात. आपण पुट्टीचे दोन हात द्यावेत, वर टेक्श्चरचा रंग. वास्तुशांतीच्या फोटोंपुरतं टिकतं.

आता हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत. काँट्रॅक्टर तिच्यावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतो आणि म्हणतो, ‘काही होत नाही साहेब, वर बीम टाकू.’ यातल्या बऱ्याच घरांना कॉलम नसतात, स्लॅब या भिंतींवरच बसलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधी बोलावलं तर तो फी घेतो आणि वर नाही म्हणतो. भेग पडल्यावर बोलावलेला बरा, निदान त्याला बघायला काही असतं.

वाढीव खोल्यांसाठी पायाचा विचार करू नये. पाया दगडी, आजोबांच्या हिशेबाचा. नवी बाजू आपल्या कॉलमवर, आपल्या गतीने खचते. दोघांच्या सांध्यावर उभी चीर येणारच, तिच्या मापाचं गणपतीचं चित्र आधीच करून ठेवावं. खरी अडचण महापालिकेत येते. एफएसआय आणि साइड मार्जिन यांचं जमतं कसंबसं, पण प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव निघतं आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. साताऱ्याची आत्या जेवायला बोलावलं की सही करते. न्यू जर्सीच्या काकांना मुखत्यारपत्रासाठी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीची पायरी चढावी लागते. तेवढ्या कष्टांनंतर ते डिसेंबरात घर बघायला येणार, आणि चपला काढण्याआधी विचारणार, ‘अरे, जिन्यातली जाळी कुठे गेली?’

‘वास्तुशास्त्रात बसत नव्हती, काका,’ असं सांगावं. काका गप्प बसतात. काकू मात्र आपल्या एडिसनच्या घराची दिशा विचारायला लागतात, तेव्हा चहा टाकायच्या निमित्ताने आत जावं आणि पहिल्या पायरीशी जपावं.