बांधावरचा माणूस

व्हिडिओ गेमची परीक्षणं मी हल्ली आवडीनं वाचतो. ग्राफिक्स कसे आहेत, पाण्यावर ऊन कसं चमकतं, गवताचं पातं न् पातं कसं हलतं याची वर्णनं असतात आणि शेवटी दहापैकी साडेआठ वगैरे गुण. लिहिणारी मंडळी बहुतेक सातव्या मजल्यावर राहत असावीत. आमच्याकडे गवताचं पातं हललं की माणूस आधी दोन पावलं मागं सरकतो आणि काठी शोधतो.

म्हणून म्हटलं, एकदा आपल्या बाजूनंही हे गेम तपासून घ्यावेत. माझी पात्रता एवढीच, की घर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या अलीकडे, नोकरी शहापुरात आणि पुतण्याकडे चांगल्यातला कॉम्प्युटर. तो त्यानं इंजिनिअरिंगच्या अभ्यासाला म्हणून घेतला. अभ्यासाला एवढं महागाचं ग्राफिक कार्ड कशाला, असं भावानं विचारलं तेव्हा ‘प्रोजेक्ट असतात, पप्पा’ असं उत्तर मिळालं होतं. या पावसाळ्यात त्यातले बरेचसे प्रोजेक्ट मीही खेळून घेतले.

सुरुवात शेतीपासून. ‘फार्मिंग सिम्युलेटर’ नावाचा गेम स्वित्झर्लंडमधली एक कंपनी 2008 पासून काढते आहे. गहू, मका, बीट असा बराचसा थंड हवेचा कारभार. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या आवृत्तीत मात्र भात आला आणि म्हशीही आल्या. स्विस लोकांनी भात लावायला घेतलाय म्हटल्यावर आबांना, म्हणजे वडिलांना, बोलावणं भाग होतं. ते आले, खुर्ची ओढून माझ्या मागं बसले, चष्मा धोतराला पुसला आणि म्हणाले, “राब कुठं भाजला?”

राब भाजायचा नसतो, रोपं ग्रीनहाऊसमध्ये तयार होतात, असं मी सांगितलं. यावर ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा लग्नात आमटी पातळ निघाल्यावर होतो तसा झाला. खाचरात पाणी किती ठेवायचं ते पडद्यावर ठरवता येतं. लावणी यंत्रानं होते. यंत्र सरळ रेषेत जातं, मागं हिरव्या ओळी उमटत जातात आणि पाच मिनिटांत खाचर भरतं. आमच्या घरात लावणी म्हणजे डोक्यावर इरलं (आता प्लास्टिकचा कागद), कंबर मोडलेली, पायाची बोटं कुजलेली आणि घरी आल्यावर कोणी हाक मारली तरी ओ द्यायची ताकद नाही, असा महिनाभराचा कार्यक्रम असतो.

“ह्याच्यात चिखल कुठंय?” आबांनी विचारलं.

चिखल आहे. पण तो फक्त ट्रॅक्टरला लागतो, माणसाला नाही. ट्रॅक्टर धुवायला गेममध्ये पाण्याचा जोरदार फवारा मिळतो. शहापूर तालुक्यातल्या ज्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरनं पाणी येतं, त्यांनी हा भाग बघू नये.

मजुरांची सोय तर अशी, की लावणी काढणाऱ्या कोणाही शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. एक बटण दाबलं की माणूस ट्रॅक्टरवर हजर. भिवंडीच्या गोडाऊनला गेलेला नसतो, मुरबाडच्या एमआयडीसीत पर्मनंट व्हायच्या नादात नसतो, उचल मागत नाही, दहाला चहा आणि चारला चहा म्हणत नाही. फक्त अधूनमधून झाडासमोर जाऊन थांबतो आणि अडथळा आल्यामुळे काम बंद केल्याचा निरोप पाठवतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आबा खुर्चीत पुढं सरकले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ओळखीचं दिसलं होतं. “हा आपल्याकडचा वाटतो,” ते म्हणाले.

मग मी जमीन घेतली. नकाशा उघडायचा, तुकडा निवडायचा, बटण दाबायचं, झालं. सातबारा नाही, फेरफार नाही, तलाठी मीटिंगला गेलेले नाहीत. आमच्या सव्वा एकराच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढी माणसं त्या तुकड्यावर उभी केली, तर रोप लावायला जागा उरणार नाही. त्यातली निम्मी वर गेलीत आणि एक सुरतेला गेलाय. वर गेलेल्यांचे दाखले तरी मिळतात, सुरतवाल्याचा फोन लागत नाही. पैसे कमी पडले म्हणून मी बँकेचं कर्जही काढून दाखवलं. तेही बटणावर. तेव्हा मात्र आबा उठून उभे राहिले. “जामीन कोण राहिला?” त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. मीच परस्पर त्यांची सही केली की काय, असा संशय त्यांना अजूनही आहे.

पण या गेममधली मोठी उणीव वेगळीच. पेरणीपासून कापणीपर्यंत सगळी शेती केली आणि एकही माणूस बांधावर येऊन उभा राहिला नाही. आमच्याकडे हे अशक्य. तुम्ही खाचरात उतरलात की कुठून तरी छत्री घेतलेला एक गृहस्थ उगवतोच. त्याची स्वतःची लावणी झालेली असते किंवा त्यानं जमीन विकलेली असते. “काय, यंदा लवकर धरली?” इथून तो सुरू होतो. मग पातळ लावताय, मूठ मोठी बांधलीय, तो कोपरा उंच राहिलाय, तुमचे आजोबा असताना ह्या खाचरात म्हशी बुडायच्या. मदतीला तो कधी उतरत नाही. तंबाखू तुमचीच मागतो, मळतो आणि जाताना सांगून जातो की पाऊस आता दडी मारणार. त्याच्याशिवाय भाताला दाणा भरत नाही, असं कृषी विद्यापीठानं अजून सिद्ध केलेलं नाही, पण कोणी त्याच्याशिवाय भात पिकवून दाखवल्याचंही ऐकिवात नाही.

हा विचार मी करत होतो तेवढ्यात मागून आवाज आला, “त्या कडेला दोन ओळी कमी पडल्यात. आणि म्हशीला दाव्याला बांध, खाईल सगळं.” स्विस कंपनीनं जे दिलं नव्हतं ते माझ्या पाठीमागंच खुर्ची टाकून बसलं होतं.

शेती आणि मोबाइल गेम यांचं नातं सरकार दरबारीही गाजलेलं आहे. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा गेम दिसत असल्याचा व्हिडिओ महाराष्ट्रभर फिरला. आपण तो खेळत नव्हतो, आपोआप आलेला गेम बंद करत होतो, असा त्यांचा खुलासा होता. महिना संपता संपता त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. लगेच ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमना बंदी घालणारा कायदा संसदेनं केला. पत्त्यांऐवजी त्यांच्या मोबाइलवर हा भाताचा गेम दिसला असता तर खातं वाचलं असतं, असं माझ्या पुतण्याचं मत आहे.

दुसरा गेम मोबाइलवरचा, ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’. इंडोनेशियाच्या रस्त्यांवर बस चालवायची. पण त्यात बसचा रंग आपला आपण बदलता येतो, आणि महाराष्ट्रातल्या एसटीवेड्या पोरांनी त्यावर हुबेहूब लालपरी चढवली आहे. इंडोनेशियातही वाहतूक डावीकडूनच चालते, त्यामुळे आपली गाडी जावा बेटावर जराही परकी वाटत नाही. रस्त्याच्या कडेला नारळ, खाचरं, टपऱ्या. एका वळणावर तर मला सरळगाव आल्यासारखं वाटलं आणि मी सवयीनं उठायच्या बेतात होतो.

आमच्या आळीत एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर आहेत. आयुष्यभर कल्याण-नगर मार्गावर माळशेज घाट चढला-उतरला. धुक्यात, दरड पडलेली असताना, पुढच्या गाडीचा मागचा दिवा हीच काय ती खूण धरून. पुतण्यानं मोठ्या हौसेनं त्यांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, आरसे पाहिले, आणि बसले. बस जागची हलेना.

“मामा, जाऊ द्या की.”

“बेल कुठं झाली?”

कंडक्टर नसतो हे त्यांना पटवायचा प्रयत्न झाला. एकट्यानं गाडी काढायची म्हणजे उद्या मेमो कोण घेणार, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी पुतण्यानं स्वयंपाकघरातून चमचा आणि ताटली आणली आणि टिंग टिंग अशी डबल दिली. तेव्हा कुठं गाडी सुटली. मग मात्र मामांनी ती अशी चालवली, की बघणारे आम्ही खुर्च्यांना धरून बसलो. पुढं एका गावाशी पुतण्यानं गंमत म्हणून एकदाच टिंग केलं. मामांनी गाडी तत्काळ बाजूला घेऊन उभी केली आणि मागं वळून विचारलं, “कोण उतरतंय?” मामी तोवर दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की तिकडं बायकांना अर्धं तिकीट आहे का. 2023 च्या मार्चपासून आमच्याकडे आहे, आणि तेव्हापासून मुरबाडच्या बाजारात निष्कारण जाण्याला बायकांच्या बाजूनं एक भक्कम आर्थिक कारण मिळालं आहे.

पबजीबद्दल मी थोडक्यातच लिहितो, कारण माझ्याआधी त्यावर सरकारनंच पुष्कळ लिहिलंय. सप्टेंबर 2020 मध्ये बंदी, पुढच्या वर्षी बीजीएमआय नावानं पुनर्जन्म, 2022 मध्ये पुन्हा गायब, 2023 मध्ये पुन्हा हजर. आमच्याकडच्या काही रस्त्यांची कामंही याच पद्धतीनं चालतात. शंभर जण विमानातून उडी मारतात, एकमेकांना मारतात, उरेल तो जिंकतो आणि पडद्यावर चिकन डिनरची घोषणा होते. पुतण्या हे वाक्य श्रावणी सोमवारी गच्चीवरून ओरडला. आईनं त्याला खाली बोलावून आधी तोंड धुवायला लावलं. बक्षीस फक्त नावाचंच असतं, प्रत्यक्षात मिळत काही नाही, हे कळल्यावर ती जास्तच चिडली. उपास तर मोडला आणि खाल्लंही नाही, हा कसला व्यवहार?

या गेममध्ये एक वर्तुळ असतं, ते आवळत आवळत येतं आणि बाहेर राहील त्याचा जीव जातो. शहापूरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. 1892 पासून तानसा, मग वैतरणा, मग भातसा ही धरणं. मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकटा भातसा देतो. त्यात तानसाचं अभयारण्य, आणि आता समृद्धी महामार्ग. इगतपुरीपासून आमण्यापर्यंतचा त्याचा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. वर्तुळ आवळतंय, पाणी वर्तुळाच्या बाहेर चाललंय, आणि आमचे गडी अजून बॅग भरतायत. एक मात्र मान्य करायला हवं. चौघांच्या टोळीनं खेळताना कानात सतत कोणीतरी सांगत असतं, तिकडं कुठं चाललास, मागं बघ, माझी गोळी दे. बांधावरच्या माणसाची कसोटी हा गेम सहज पास होतो.

त्या कसोटीत सपशेल नापास होतो ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’. 2017 चा हा अमेरिकन गेम चक्क आपल्या पश्चिम घाटात घडतो. क्लोई आणि नडीन नावाच्या दोन बाया गणपतीचा हस्तिदंत शोधत होयसळांच्या अवशेषांतून फिरतात. कड्याला बोटांवर लटकतात, दोर टाकून दरीवरून झोका घेतात, हत्तीवर बसतात, जीप चिखलातून चढवतात. धबधबे तर असे, की माळशेजनं शिकवणी लावावी. दृश्यं पाहून मी खरंच गप्प झालो. पण घाट चालू होऊन किती वेळ झाला तरी ना मक्याचं कणीस, ना कांदाभजी, ना रस्त्यात गाडी आडवी लावून नाचणारी डोंबिवलीची पोरं. धबधब्यावर जायला मनाई असल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूमही नाही, जो आमच्याकडे पावसाळा लागला की पाठोपाठ लागतो. क्लोई ज्या कड्यावर जीव मुठीत धरून चढते, तसल्या गोरखगडाच्या पायऱ्यांवरून आमच्याकडची माणसं बोलत बोलत उतरतात. आणि खजिन्याचं म्हणाल, तर नाणेघाटाच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या जकातीचा दगडी रांजण आजही उभा आहे. अमेरिकन लोकांना सापडला असता तर त्यांनी त्यात रत्नं ठेवली असती. आमच्या लोकांनी आत वाकून पाहिलं, टोल फार जुना आहे एवढं ताडलं, आणि डबा उघडला.

आईला यातलं काहीच पसंत नाही. ती फक्त मोबाइलवरची लुडो खेळते, तीही माझ्याशी, जेवणं झाल्यावर. मोबाइलमधल्या फाशावर तिचा काडीचा विश्वास नाही. न दिसणाऱ्या माणसानं टाकलेलं दान आपण का मानायचं? म्हणून तिनं माळ्यावरचा जुना पट काढायला लावला आणि त्यातला खरा फासा पदराला बांधून घेतला. आता तिची पाळी आली की ती तो लादीवर टाकते.

“सहा पडले.”

“आई, मोबाइल दोन म्हणतोय.”

“त्याला सांग सहा पडलेत. सगळ्यांनी बघितलंय.”

मी आबांकडे पाहिलं. ते खुर्ची ओढून जवळ आले, पडद्यावर वाकले, तंबाखूसाठी माझ्यापुढं हात केला आणि म्हणाले, “लालला हात लावू नको. ती पिवळी कोपऱ्यात कुजतेय, ती काढ आधी.”